एसएसबी प्रसारणासाठी ॲम्प्लिफायरचा वर्ग कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती आलेल्या मंडळींशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. रिसीव्हर चालू झालेला असतो, क्रिस्टल फिल्टरमधून एसएसबीचा (सिंगल साइडबँडचा, म्हणजे आवाजाची एकच पट्टी पाठवणाऱ्या प्रसारणाचा) क्षीण संकेत बाहेर पडू लागलेला असतो, आणि तो अँटेनापर्यंत नेणारा शेवटचा ॲम्प्लिफायर, म्हणजे ज्याला आपण नुसते ‘फायनल’ म्हणतो तो, कोणत्या वर्गात, म्हणजे ए, बी, एबी, सी यांपैकी कोणत्या पद्धतीने, चालवावा यावर गाडी अडते. पुस्तकातल्या तक्त्यात सी वर्गासमोर कार्यक्षमतेचा सर्वांत मोठा टक्का छापलेला असतो, त्यामुळे ‘मग तोच का घेऊ नये?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे.

थोडक्यात उत्तर असे, की एसएसबीचा फायनल एबी वर्गात चालवावा आणि त्याच्या आधीचे, फायनलला संकेत पुरवणाऱ्या ड्रायव्हरपर्यंतचे सर्व टप्पे ए वर्गात ठेवावेत. परंतु एवढे पाठ करून काम होत नाही, कारण एबी हा एखादा ठरावीक बिंदू नसून ए आणि बी यांच्यामधला एक मोठा पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात नेमके कुठे थांबायचे हे तुमचा ट्रान्झिस्टर, तुमची बॅटरी आणि तुमचा हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मिळून ठरवतात.

पहिली पायरी: वाढवायचा संकेत कसा आहे ते पाहा

एएम प्रसारणात कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लाट) सतत चालू असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन सारख्या पट्ट्या असतात. शंभर टक्के मॉड्युलेशनच्या वेळीही एकूण शक्तीचा दोनतृतीयांश भाग त्या कॅरियरमध्येच असतो, आणि त्यात आवाजाची कोणतीही माहिती नसते. जॉन कार्सन या अमेरिकी अभियंत्याने १९१५ मध्ये हे ओळखून कॅरियर आणि एक पट्टी काढून टाकण्याची कल्पना पेटंटसाठी मांडली. उरलेली एक पट्टी म्हणजे एसएसबी. तिला अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा पुरते आणि जवळजवळ सगळी शक्ती आवाजाच्या कामी येते.

मात्र कॅरियर गेल्यामुळे एक गोष्ट बदलते. तुम्ही गप्प असाल तर एसएसबी ट्रान्समीटरमधून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. तुम्ही ‘आ’ म्हणालात की लाट उंचावते, ‘स’ किंवा ‘फ’ म्हणालात की ती अगदी खाली येते. लाटेच्या माथ्यांना जोडणारी जी काल्पनिक रेषा, तिला आपण आवरण म्हणू. एसएसबीमध्ये या आवरणाची उंची क्षणोक्षणी बदलते आणि त्या चढउतारातच तुमचा आवाज दडलेला असतो. म्हणून ॲम्प्लिफायरने लहान लाट जितक्या पटीने वाढवली तितक्याच पटीने मोठी लाटही वाढवली पाहिजे. या गुणाला रेखीयता म्हणतात. एफएममध्ये आवरणाची उंची स्थिर असते आणि मोर्समध्ये लाट फक्त असते किंवा नसते, त्यामुळे तिथे रेखीयतेवाचून चालते. एसएसबीमध्ये ते चालत नाही, आणि वर्गाची निवड या एकाच कसोटीपासून सुरू होते.

एक जुना गैरसमज इथेच दूर करावा

आपल्या भागातल्या जुन्या हौशी मंडळींकडे ८०७ व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या निर्वात नळीवर) बांधलेले एएम ट्रान्समीटर असत. त्यांचा फायनल सी वर्गात चाले आणि तरीही आवाज स्वच्छ येई. ज्येष्ठांकडून हे ऐकलेल्या नव्या मुलाला साहजिकच वाटते, की आवाजासाठी सी वर्ग चालतो. या अनुभवात खोटे काही नाही, फक्त त्यामागचे कारण वेगळे आहे. त्या ट्रान्समीटरमध्ये फायनलला येणारी लाट स्थिर उंचीची, कोरा कॅरियरच असे. आवाज नंतर, फायनलच्या प्लेटला जाणारा व्होल्टेज कमीजास्त करून, त्याच ठिकाणी चढवला जाई. आणि सी वर्गातील व्हॉल्व्हचे आउटपुट प्लेट व्होल्टेजच्या मागोमाग बऱ्यापैकी इमानाने चालते. म्हणजे आवरण फायनलमध्येच तयार होत असे, ते वाढवण्याची जबाबदारी फायनलवर नव्हतीच.

एसएसबीमध्ये क्रम उलटा आहे. बॅलन्स्ड मॉड्युलेटर आणि क्रिस्टल फिल्टर यांमध्ये, मिलिवॅटपेक्षाही कमी शक्तीवर, आवरण आधीच तयार झालेले असते आणि त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्याने ते न बिघडवता पुढे द्यायचे असते. फायनल उत्तम एबी वर्गात असेल आणि त्याच्या आधीचा ड्रायव्हर उपाशी बायसवर (म्हणजे आधीपासून सोडून ठेवलेल्या अपुऱ्या प्रवाहावर) चालत असेल, तर बिघाड ड्रायव्हरमध्येच होतो आणि फायनल तो बिघाड इमानेइतबारे मोठा करून अँटेनाला देतो.

सी वर्गावर एसएसबी चालवण्याची चूक मी स्वतः केली आहे. मोर्ससाठी बांधलेला सात मेगाहर्ट्झचा सी वर्गाचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे तयार होता. तोच एसएसबीचा क्षीण संकेत तयार करणाऱ्या एक्सायटरच्या पुढे जोडून मी संध्याकाळी बोलायला बसलो. वॅटमीटरचा काटा झकास हलत होता. कोल्हापूरच्या एका स्नेह्याने सांगितले, की शब्दांच्या सुरुवाती आणि शेवट तुटताहेत, आणि शिवाय चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला गेल्यावरही तुमची खरखर ऐकू येते आहे. काटा किती हलतो यावरून आवाज कसा जातो हे कळत नाही, हे त्या संध्याकाळी मला पक्के समजले.

दुसरी पायरी: वर्ग म्हणजे काय ते अंशांत समजून घ्या

लाटेचे एक पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे धरले, तर त्यापैकी किती अंश ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहतो, यावर वर्ग ठरतो.

ए वर्गात तो पूर्ण ३६० अंश वाहतो. रेखीयता सर्वांत चांगली, पण संकेत असो वा नसो, प्रवाह तेवढाच राहतो. कार्यक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा ५० टक्के आहे आणि प्रत्यक्षात २५ ते ३५ टक्के मिळाले तरी समाधान मानावे. विहिरीवरची मोटर चालू ठेवून शेताकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवल्यासारखी ही गत असते: पाणी कुठे जात नाही, पण वीज जळतच राहते.

बी वर्गात प्रवाह नेमका अर्धे आवर्तन, म्हणजे १८० अंश वाहतो आणि मर्यादा ७८.५ टक्क्यांवर जाते. हा आकडा पूर्ण उंचीच्या एकाच सुरासाठी आहे, हे तक्ते सांगत नाहीत. लाट अर्ध्या उंचीची झाली की कार्यक्षमताही निम्मी होते, आणि दोन सारख्या सुरांच्या संकेतावर आदर्श बी वर्गातूनही सरासरीने सुमारे ६२ टक्केच मिळतात. बी वर्गाची खरी अडचण तळाशी आहे. खरा ट्रान्झिस्टर शून्यावर एकदम चालू होत नाही. उंबरठ्याच्या आसपास तो आळसावलेला असतो आणि लहान लाटा तिथे चिरडल्या जातात.

एबी वर्गात थोडा प्रवाह आधीपासूनच सोडून ठेवलेला असतो, त्यामुळे तो आळसाचा भाग ओलांडलेला असतो. लहान लाटांसाठी ॲम्प्लिफायर जवळजवळ ए वर्गासारखा वागतो, मोठ्या लाटांसाठी बी वर्गासारखा. पूर्ण शक्तीवर ५० ते ६० टक्के कार्यक्षमता सहज मिळते. बोलण्याची लाट बहुतेक वेळ लहान आणि अधूनमधून मोठी असते. एबीचा स्वभाव आपल्या बोलण्याच्या स्वभावाला इतका जुळतो, की घरगुती ट्रान्सीव्हरपासून व्हॉल्व्हच्या मोठ्या ॲम्प्लिफायरपर्यंत एसएसबीसाठी जवळजवळ सर्वत्र तोच आढळतो.

सी वर्गात प्रवाह १८० अंशांपेक्षा कमी वाहतो. उंबरठ्याखालची लाट पूर्णपणे नाहीशी होते. आउटपुटचा ट्यून्ड सर्किट एका सुराची लाट पुन्हा गोल करून देतो हे खरे, पण गेलेली उंची तो परत आणू शकत नाही. डी आणि ई हे स्विच म्हणून चालणारे वर्ग ९० टक्क्यांच्या पुढे जातात, पण त्यांनाही आवरणाची ओळख नसते. लिओनार्ड कान यांनी १९५२ मध्ये आवरण वेगळे काढून ते फायनलच्या वीजपुरवठ्यावरून पुन्हा चढवण्याची पद्धत मांडली आणि ती आजही वापरली जाते, पण पहिल्या बांधणीसाठी ती मुळीच नाही.

इथे ऑडिओ ॲम्प्लिफायर बांधलेल्यांना एक शंका येते: बी किंवा एबी वर्गाला दोन ट्रान्झिस्टरांची पुश-पुल जोडी लागतेच ना? ऑडिओमध्ये लागते. रेडिओमध्ये एकटा ट्रान्झिस्टरही चालतो, कारण लाटेचा उरलेला अर्धा भाग आउटपुटचा ट्यून्ड सर्किट किंवा फिल्टर भरून काढतो. तरीही अनेक बँडवर चालणारा ॲम्प्लिफायर बांधायचा असेल तर पुश-पुल घ्यावा, कारण त्यात दुप्पट वारंवारतेची हार्मोनिक आपोआप बरीच दबते.

तिसरी पायरी: वीज आणि उष्णता यांचा हिशेब आधी कागदावर करा

आपल्या भागात हा हिशेब केवळ अभ्यासापुरता राहत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले आणि निपाणीकडची वाहतूक बंद पडली, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वीज नसताना बॅटरीवर किती वेळ बोलता येईल या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर पावसाळ्यात वीज जाणे नेहमीचेच. म्हणून संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालावा असे धरूनच वर्ग ठरवावा.

समजा, तुम्हाला १० वॅट शिखरशक्ती (लाट सर्वांत उंच असतानाची शक्ती) हवी आहे. ए वर्गात कार्यक्षमता ३० टक्के धरली तर सुमारे ३३ वॅट वीज लागेल, म्हणजे बारा व्होल्टवर पावणेतीन अँपिअर, आणि तेही बोलण्याचे बटण दाबलेले असेपर्यंत अखंड, तुम्ही शब्द आठवत थांबलेले असलात तरी. त्या थांबण्याच्या वेळात तर सगळेच्या सगळे ३३ वॅट हीटसिंक तापवण्यात जातात. एबी वर्गात ५० टक्के धरले तर शिखराच्या क्षणी २० वॅट लागतात आणि शांततेत फक्त बायसचा प्रवाह वाहतो. १०० मिलिअँपिअर बायस असेल तर अवघे १.२ वॅट. यूपीएसमधली सात अँपिअर-तासाची बॅटरी पहिल्या बांधणीत लवकर हात टेकते, दुसऱ्या बांधणीत संध्याकाळभर साथ देते.

उष्णतेचे गणितही असेच सोपे आहे. आयआरएफ ५१० या मॉस्फेटमध्ये (मॉस्फेट हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) आतल्या चकतीपासून धातूच्या पाठीपर्यंत प्रत्येक वॅटमागे ३.५ अंश तापमान वाढते. अभ्रकाच्या चकतीचा एक अंश आणि हीटसिंकचे चार अंश धरले तर एकूण साडेआठ अंश होतात. सतत १० वॅट उष्णता पडली तर ८५ अंशांची भर. एप्रिलमधली ३८ अंशांची दुपार त्यात मिळवली की १२३ अंश. मॉस्फेटची कमाल मर्यादा १७५ अंश आहे, तेव्हा एबी वर्गात हे चालून जाते. हाच हिशेब ए वर्गाच्या ३३ वॅटने करून पाहिला, तर त्या हीटसिंकवर मॉस्फेट तग धरणार नाही हे बांधणीआधीच कळते. हीटसिंकसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. जुन्या यूपीएस आणि इन्व्हर्टरमधून निघालेले पंखेदार ॲल्युमिनियम भंगारच्या दुकानात वजनावर मिळते.

चौथी पायरी: ट्रान्झिस्टर आणि त्याचा लोड

नवख्यांसाठी दोन पर्याय मला योग्य वाटतात. पहिला, वर आलेला आयआरएफ ५१०. तो मुळात स्विचिंगसाठी बनवलेला आहे, तरीही स्वस्त आहे, सहज मिळतो आणि चुका सोसतो. हैदराबादचे हौशी रेडिओवाले अशर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी २००३ मध्ये मांडलेल्या बिटएक्स या एसएसबी ट्रान्सीव्हरच्या फायनलमध्ये तोच आहे आणि त्यातून सुमारे ६ वॅट मिळतात. टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या चुंबकीय कड्या) मिळत नसतील तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळून कॉइल करावी, इतका त्या आराखड्यात आपल्याकडच्या बाजाराचा विचार केलेला होता. सुरुवात करणाऱ्याने तो आराखडा एकदा तरी टप्प्याटप्प्याने वाचावा. कोणता टप्पा ए वर्गात आणि कोणता एबी वर्गात आहे, हे त्यावर पेन्सिलीने लिहून काढावे.

दुसरा पर्याय आरडी १६ एचएचएफ १. हा खास शॉर्टवेव्हसाठी बनवलेला मॉस्फेट साडेबारा व्होल्टवर, ३० मेगाहर्ट्झपर्यंत, १६ वॅट देतो आणि वरच्या बँडवरही त्याची शक्ती टिकते. मॉस्फेटला गेट, ड्रेन आणि सोर्स अशी तीन टोके असतात; गेटवरच्या व्होल्टेजवर ड्रेन आणि सोर्स यांमधला प्रवाह ठरतो. आयआरएफ ५१० च्या धातूच्या पाठीवर ड्रेन असतो, म्हणून अभ्रक आणि इन्सुलेटिंग बुश न विसरता लावावे लागतात; आरडी १६ च्या पाठीवर सोर्स असतो, त्यामुळे तो थेट हीटसिंकवर बसतो आणि जास्त थंड राहतो. मात्र त्याचे बनावट नग बाजारात पुष्कळ आहेत. खरेदीसाठी पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळची बाजारपेठ आणि बेंगळुरूचा एसपी रोड या दोन्ही दिशा आपल्याला रात्रीच्या बसने सारख्याच सोयीच्या. अनोळखी ठिकाणी स्वस्त मिळतो म्हणून डझनाने घेण्यापेक्षा एक नग घेऊन आधी तपासावा.

तयार किट विकत घेणार असाल तर डब्यावर ‘लिनियर’ छापले आहे यावर विसंबू नका. आराखड्यात बेस किंवा गेट यांना बायस देणारा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा लहान बदलता रेझिस्टर) आहे का ते पाहा. बायपोलर ट्रान्झिस्टरचा बेस चोकमधून सरळ जमिनीला जोडलेला असेल, तर तो ॲम्प्लिफायर सी वर्गाचा आहे, डब्यावर काहीही लिहिलेले असो.

लोडचे, म्हणजे ट्रान्झिस्टरला दिसायला हव्या त्या रोधाचे, सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे: पुरवठ्याचा व्होल्टेज गुणिले तोच व्होल्टेज, भागिले शक्तीची दुप्पट. बारा व्होल्ट आणि ६ वॅटसाठी १४४ भागिले १२, म्हणजे १२ ओहम. अँटेना ५० ओहमची, म्हणून एकास चार या प्रमाणातला ट्रान्सफॉर्मर जवळजवळ अचूक बसतो. त्याच ट्रान्सफॉर्मरवर, त्याच बारा व्होल्टवर, कोणी १५ वॅट काढू पाहील तर ड्रेनचा व्होल्टेज शून्याला जाऊन टेकेल आणि लाटेचे माथे सपाट होतील. मग बायस कितीही काळजीने लावलेला असला तरी उपयोग होणार नाही. जास्त शक्ती हवी असेल तर लोड बदलावा किंवा ड्रेनचा व्होल्टेज वाढवावा.

पाचवी पायरी: बायस लावणे

या पायरीला घाई करू नये. माझे जळालेले बहुतेक मॉस्फेट याच पायरीवर जळाले. आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रेझिस्टर, जोडा. एक किलोओहमचे, दोन वॅटचे, तारेच्या गुंडाळीचे नसलेले वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा, ४० वॅटचा उत्तम डमी लोड घरीच तयार होतो. मायक्रोफोन काढून ठेवा. बायसचा प्रीसेट पूर्ण खाली आणा आणि मीटरने गेटवर खरोखर शून्य व्होल्ट आहे याची खात्री करा. प्रीसेट उलट्या बाजूने जोडला गेला असेल तर तो इथेच पकडला जातो. फायनलच्या ड्रेनला जाणाऱ्या तारेत अँपिअरमीटर घाला.

आता बोलण्याचे बटण दाबून प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. आयआरएफ ५१० चा उंबरठा नगागणिक दोन ते चार व्होल्टांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग प्रवाह एकदम चढू लागतो. ८० ते १०० मिलिअँपिअरवर थांबा. बटण दाबून ठेवूनच पाच मिनिटे मीटरकडे पाहत राहा. मॉस्फेट तापला की त्याचा उंबरठा खाली येतो, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो; हे चक्र सुरू झालेले दिसले तर बायस कमी करा आणि गेटच्या बायसमध्ये एक डायोड घालून तो हीटसिंकला चिकटवून बसवा, म्हणजे हीटसिंक तापल्याबरोबर बायस आपोआप उतरेल. आरडी १६ ला यापेक्षा बराच जास्त, काहीशे मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तिथे त्याच्या माहितीपत्रकातला आकडा प्रमाण मानावा.

बायसचा व्होल्टेज बॅटरीवरून थेट घेऊ नये. भरलेली बॅटरी आणि उतरलेली बॅटरी यांत दीड-दोन व्होल्टांचा फरक पडतो, आणि गेटवर त्याचा अंश जरी पोचला तरी संध्याकाळी एबी वर्गात सुरू झालेला फायनल रात्रीपर्यंत सी वर्गाकडे घसरतो. पाच व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर मध्ये घातला की हा प्रश्न मिटतो.

ड्रायव्हर आणि त्याआधीचे टप्पे ए वर्गातच असू द्या. त्यांची शक्ती इतकी लहान असते की तिथे कार्यक्षमता वाचवून काही मिळत नाही आणि रेखीयता मात्र हकनाक जाते.

सहावी पायरी: दोन सुरांची चाचणी

एकाच शिट्टीवर ट्रान्समीटर तपासला तर आवरण स्थिर राहते आणि सी वर्गाचा ॲम्प्लिफायरही निर्दोष दिसतो. म्हणून एकमेकांचे गुणक नसलेले दोन सूर, बहुधा ७०० आणि १९०० हर्ट्झचे, सारख्या उंचीचे, मायक्रोफोनच्या जागी द्यायचे. दोन लहान ऑसिलेटर किंवा संगणकावर बनवलेली ध्वनिफीत पुरते. डमी लोडवर ऑसिलोस्कोप लावला की मण्यांच्या माळेसारखी आकृती दिसते.

ही आकृती वाचायला शिकणे हे या सगळ्या कामाचे सार आहे. दोन मणी जिथे भेटतात तिथे रेषा एकमेकींना सरळ, तीक्ष्ण फुलीसारख्या छेदून गेल्या पाहिजेत. तिथे त्या चिमटल्यासारख्या किंवा चपट्या दिसल्या तर बायस कमी आहे, वर्ग बी किंवा सीकडे झुकला आहे. मण्यांचे माथे गोल असावेत. ते सपाट झाले तर ड्राइव्ह जास्त आहे किंवा लोड चुकला आहे. पहिला दोष प्रीसेटने सुटतो, दुसरा सुटत नाही, आणि माथे सपाट असताना बायस वाढवत राहणे ही फार जणांकडून होणारी चूक आहे. शिखरशक्ती काढायची असेल तर आकृतीची वरपासून खालपर्यंतची उंची व्होल्टमध्ये मोजून तिला तिनेच गुणावे आणि ४०० ने भागावे: ४९ व्होल्ट म्हणजे सुमारे ६ वॅट. सरासरी शक्ती त्याच्या निम्मी असते.

रेखीयता बिघडली की हे दोन सूर एकमेकांत मिसळून नवे सूर जन्माला घालतात. एका सुराच्या दुपटीतून दुसरा वजा केला की ३१०० आणि उणे ५०० हर्ट्झ येतात; हे तिसऱ्या क्रमाचे सूर. पाचव्या क्रमाचे ४३०० आणि उणे १७०० हर्ट्झवर पडतात. उणे म्हणजे दडपलेल्या कॅरियरच्या पलीकडे, जिथे तुमचा काही हक्क नाही आणि बहुधा दुसरे कोणी बोलत असते. आउटपुटचा लो-पास फिल्टर १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरच्या हार्मोनिक अडवतो, तो असलाच पाहिजे. पण हे शेजारी सूर सात मेगाहर्ट्झलाच चिकटून असल्यामुळे त्याच्या हाती लागत नाहीत. आपला ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सगळा मिळून २०० किलोहर्ट्झचा. त्यात सकाळी पुणे, कोल्हापूर, गोवा, हुबळी, बेंगळुरू सगळे बोलत असतात. तिथे एकाने सात-आठ किलोहर्ट्झ व्यापले, तर दोघा-तिघांचे बोलणे बंद पडते.

ऑसिलोस्कोप नसेल तर दुसरा रिसीव्हर काही अंतरावर, अँटेना न लावता ठेवून मित्राला दोन्ही बाजूंना पाच किलोहर्ट्झपर्यंत फिरून ऐकायला सांगावे. संगणकाला जोडायचा स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाच्या मदतीने चालणारा छोटा रिसीव्हर) असेल तर शेजारी सूर पडद्यावरच दिसतात. त्याला संकेत मात्र अगदी क्षीण करून द्यावा, नाहीतर तो स्वतःच गुदमरतो आणि नसलेले दोष दाखवतो. शेजारचे तिसऱ्या क्रमाचे सूर मुख्य सुरांच्या २५ ते ३० डेसिबल खाली असतील तर पहिली बांधणी चांगली साधली असे समजावे.

सातवी पायरी: ड्राइव्हला मर्यादा घाला

चाचणीत माथे सपाट होऊ लागतात तिथून मायक्रोफोन गेन थोडा मागे आणा आणि तिथेच खूण करून ठेवा. ड्राइव्ह एक डेसिबलने कमी केला की तिसऱ्या क्रमाचे सूर साधारण तीन डेसिबलने उतरतात, हा फार फायद्याचा सौदा आहे. शक्ती १० वॅटवरून ५ वॅटवर आणली तरी ऐकणाऱ्याच्या मीटरवर अर्ध्या एस-युनिटचा (संकेताची ताकद मोजायच्या एककाचा) फरक पडतो. बहुतेकांना तो जाणवतही नाही. त्यामुळे परवान्यात दिलेल्या मर्यादेपर्यंत प्रत्येक वॅट पिळून काढण्याचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एफटी८ सारखी डिजिटल प्रसारणे करणार असाल तर तिथे लाट पंधरा सेकंदांच्या प्रत्येक फेरीत जवळजवळ सलग पूर्ण उंचीवर असते, तेव्हा उष्णतेसाठी शक्ती निम्म्यावर आणावी.

अँटेना जोडल्यावर

डमी लोडवर मिळालेली रेखीयता अँटेनावर तशीच राहील असे गृहीत धरू नये, कारण फायनलला दिसणारा लोड बदलला की शिखरे कुठे सपाट होतील हेही बदलते. खानापूर-कणकुंबीच्या पावसात कोॲक्सच्या जोडात पाणी शिरते, पितळेवर हिरवा थर चढतो आणि मे महिन्यात १.२ असलेला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली आहे याचे माप, १ म्हणजे उत्तम) जुलैत २.५ वर गेलेला आढळतो. शेजारी ‘आवाज फाटतोय’ म्हणू लागले की आपण बायसच्या मागे लागतो, आणि दोष छपरावरच्या कनेक्टरमध्ये असतो. म्हणून डमी लोडवरचा बायस प्रवाह, पुरवठ्याचा व्होल्टेज, शिखरशक्ती आणि अँटेनाचा एसडब्ल्यूआर हे चार आकडे तारखेसह लॉगबुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत, मृग नक्षत्राच्या आधी एकदा आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा एकदा मोजावेत, आणि पहिले तीन आकडे जागेवर असतील तर प्रीसेटला हात न लावता शिडी घेऊन छपरावर जावे.